दोन पुस्तकं, एकच पान

जून महिना, शाळा उघडायच्या आधीचा रविवार. ठिकाण वलगाव, आमच्या घरासमोरचा रस्ता. हजर: मी, नववीत गेलेली माझी मुलगी समता, तिचे पप्पा, सासूबाई, धाकटी जाऊ वंदना आणि वंदनाची प्राची, तीही नववीतच. गैरहजर: सासरे. टेम्पो दिसताच ते वावरात काम आहे म्हणून निघून गेले. पेरणीला तर अजून अवकाश होता.

गादी, गॅस, कूलर, अभ्यासाचं टेबल, सगळं चढलं. सासूबाई कूलरवर हात ठेवून म्हणाल्या, "अमरावती इतकी जवळ असून अकोल्याले कायले चालली वं? तिथलं सायन्स का येगळं रायते?"

मी म्हटलं, "तिथं क्लास चांगले आहेत. दहावीचा पाया पक्का होतो."

"पाया पक्का कराले घर सोडून चालली!"

वंदना हसली. मला हसू आलं नाही.

माझ्यासारख्या आयांना अकोल्यातल्या या क्लासवाल्या गल्लीची ओळख करून द्यायला नको. दर दुसऱ्या घरात एक खोली, एक पोर आणि एक आई. बाया ओळख करून देतात तीही पोराच्या बॅचवरून. समताच्या पप्पांची नोकरी अमरावतीत, म्हातारी माणसं वलगावात, म्हणून ते तिकडेच राहिले आणि रविवारी यायचे.

मी लगेच कामाला लागले. वलगावात मराठीतून शिकलेल्या समताला इथं सेमी इंग्रजीत घातलं होतं, म्हणजे विज्ञान इंग्रजीतून. पाठ्यपुस्तक आणलं, क्लासचं छापील मॉड्यूल आलं, एक गाईड घेतलं, शेजारणीकडे वेगळं दिसलं म्हणून तेही घेतलं, मोबाईलवर व्हिडिओचं ॲप टाकलं. भिंतीवर वेळापत्रक लावलं. पहिल्या चाचणीत तिला विज्ञानात वलगावात कधी पडले नव्हते इतके कमी मार्क पडले. मी तिसरं गाईड आणलं. मार्क घटले की पुस्तकं वाढवायची, ही इथली हवाच आहे.

वर्गात तिनं एकदा विचारलं होतं, "मॅडम, वक्रतात्रिज्या म्हणजे हीच काय?" मुलं हसली. त्यांना 'रेडियस ऑफ कर्व्हेचर' माहीत, हा मराठी शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. त्यानंतर तिनं वर्गात विचारणं सोडलं. हे मला फार उशिरा कळलं.

रोज संध्याकाळी ती फोन घेऊन गच्चीवर जायची. अभ्यासाच्या वेळेत गप्पा, म्हणून एक दिवस रागावायलाच वर गेले. फोन स्पीकरवर होता, पलीकडे प्राची.

"आरशासमोर मेणबत्ती आहे काय तुह्या पुस्तकात?" समता विचारत होती.

"आहे नं. त्याच पानावर."

"खाली का लिहिलं हाये?"

प्राचीनं मराठी पुस्तकातून वाचलं, अंतर्गोल आरसा, मुख्य अक्ष, वास्तव प्रतिमा. मग समतानं तोच मजकूर इंग्रजीतून वाचला. मग दोघींनी पुस्तकं मिटून आकृती काढली, एकमेकींना फोटो पाठवले.

"काय वं अकोलेवाली, रेघ सरळ येत नाही अन् गेली मोठ्या क्लासले!" प्राची खिदळली. समताही हसली. या खोलीत आल्यापासून तिला इतकं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं.

माध्यम वेगळं असलं तरी बोर्डाच्या पुस्तकांत बहुतेक धडा तोच, चित्र तेच, पानही तेच. हे मला माहीत असायला हवं होतं. प्राचीलाही यात लाभ होता, अकरावीत सायन्स घेतलं की तिला इंग्रजीच लागणार.

न रागावता खाली आले आणि गाईडं माळ्यावर टाकली. आधी पाठ्यपुस्तक, धड्याखालचा स्वाध्याय स्वतःच्या हातानं, मग जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, आणि अडलं तरच गाईड. मार्क सावरले. वलगावहून ज्या ज्या बाया विचारतात त्यांना मी हेच सांगते. गच्चीवरचा फोन मात्र सांगत नाही, कारण त्यापुढचा प्रश्न, मग घर सोडायचं कशाला, हा मलाच सुटलेला नाही.

एप्रिलमध्ये क्लासची दहावीची बॅच सुरू झाली, संध्याकाळची. गच्चीवरचे फोन बंद झाले. आठ-दहा दिवसांनी समता जेवताना म्हणाली, "आई, दहावी मले तिकडेच करू दे. प्राचीच्या वर्गात. मराठीतून."

मी म्हटलं, "इथं शाळेत प्रयोगशाळा आहे, क्लास आहे."

"आहे नं. पण मी कोणाले विचारू?"

त्याच आठवड्यात वंदनाचा फोन आला. "ताई, समताचे मार्क सुधारले म्हणते. प्राचीलेही तुमच्याकडं आणून टाकू काय? खोली थोडी मोठी पाहा."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. वलगावला गेले की क्लासचं आज काय बुडालं ते डोक्यात येतं. अकोल्यात परतले की सासरे जेवले असतील का, हे. आधी घर म्हणजे वलगाव, एवढं साधं होतं. आता वाटतं, पोर ज्याला न लाजता विचारू शकते ते माणूस जिथं आहे, तिचं घर तिथं. आणि मी मात्र तिला तिथून उचलून आणलं, तिच्या भल्यासाठीच. परत नेलं आणि दहावीत कमी पडली, तर बोल कोणाला लावायचा, हेही ठरत नाही.

दहावीला शाळा बदलायची तर आत्ताच, नंतर अवघड होतं असं शाळेत सांगितलंय. दाखल्यासाठी अर्ज द्यायचा आहे. कोरा कागद टेबलावर आहे, वर मुख्याध्यापकांना उद्देशून एक ओळ झाली आहे. कारण लिहायच्या जागी पेन थांबतं.

आज संध्याकाळी बॅचला निघताना समतानं दारातून विचारलं, "आई, लिहिला काय?"

"लिहून राहिले," मी म्हटलं.

अजून लिहिला नाही.