अक्कांची बाहेरची खोली

पाहुणचाराचे किस्से लोक फार आवडीने सांगतात, कारण ते बहुतेक स्वतःच्याच मोठेपणाचे असतात. माझ्याकडे साठलेत ते दुसऱ्यांच्या मोठेपणाचे आणि तिसऱ्यांच्या कोडगेपणाचे! वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या बाईला खालच्या घरातलं सगळं ऐकू येतं, आणि मी काही कानात बोळे घालून बसणारी नव्हे. नवरा म्हणतो, "कशाला साठवतेस? लोणचं घालायचंय का?" मी म्हणते, लोणचं निदान मुरतं तरी. हे नुसतं आंबत जातं.

खालचं घर अक्कांचं आणि अण्णांचं, म्हणजे आमच्या घरमालकांचं. बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनपासून बॅग ओढत चालत येण्याइतकं जवळ. त्यांचे पूर्वज कुठल्याशा सरदाराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द अधूनमधून येत असतात. अण्णा कारखान्यातून रिटायर झालेले, बोलणं अगदी कमी. मूलबाळ नाही. रस्त्याच्या बाजूला त्यांची एक वेगळी खोली आहे, तिला सगळे 'बाहेरची खोली' म्हणतात. नोकरीसाठी बेंगळुरूत आलेलं, अजून घर न मिळालेलं कुठलंही मराठी पोर त्या खोलीत राहतं. फुकट. वर दोन वेळचं जेवण!

"नव्या गावात उतरल्या उतरल्या पोराने जायचं कुठं गं?" एवढंच अक्कांचं म्हणणं. मी नागपूरची. आमच्याकडे तिखट खातात आणि तिखटच बोलतात. मी म्हटलं, "अक्का, असतील शितं तर जमतील भुतं!" त्या हसल्या आणि कुकरला आणखी थोडे तांदूळ लावले.

*

पुण्याचा सौरभ 'दोन दिवसांसाठी' आला आणि अख्खा पावसाळा काढून गेला. सांबार गोड लागतं, पंखा आवाज करतो, शेजारचं कुत्रं मीटिंगच्या वेळी भुंकतं. सगळ्या तक्रारी अक्कांकडे, जणू कुत्रंही त्यांनीच शिकवून ठेवलं होतं. जाताना मात्र वाकून पाया पडला. मला बरं वाटलं, म्हटलं पोरगा वाईट नाही.

पुढे एकदा नवऱ्याने मोबाइल समोर धरला. पठ्ठ्याने अक्कांचं घर मॅपवर होमस्टे म्हणून टाकलं होतं आणि खाली रिव्ह्यू लिहिला होता. पाचपैकी चार स्टार! एक का कापला? 'वायफाय नाही.'

मी तणतणत खाली गेले. अक्कांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि अण्णांना हाक मारली. "अहो, ऐकलं का? पाचात चार म्हणजे फर्स्ट क्लास की हो!"

*

मुंबईची ऋतुजा त्या खोलीत टायफॉइडने पडली. आई-वडिलांना कळवू नका म्हणाली, त्यांना टेन्शन येईल. मग टेन्शन कुणी घ्यायचं? अक्कांनी! भाताची पेज, जिला इकडे गंजी म्हणतात, ती चमच्या-चमच्याने भरवली. तिच्या खाटेशेजारी खाली चटई टाकून झोपल्या. पोरगी बरी झाली, कामाला लागली, सर्जापूर रोडला फ्लॅट घेऊन राहायला गेली.

लग्न ठरल्यावर ती पत्रिका घेऊन आली. मला तर आनंदच झाला. पण पत्रिका अक्कांच्या हातात देत ती म्हणाली, "अक्का, रिसॉर्ट छोटं आहे ना, गेस्ट लिस्ट खूपच टाइट झालीय. ही फक्त आशीर्वादासाठी!"

अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओटी भरली आणि फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. परत आल्यावर मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आशीर्वादाला रिसॉर्ट कशाला लागतंय?"

*

निलेशचा किस्सा मी सांगते तेव्हा लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

निलेश सोलापूरचा. फ्लॅट मिळाला तेव्हा तो बाहेरच्या खोलीतली गादी बरोबर घेऊन गेला. "बेड येईपर्यंत फक्त, अक्का!" कापसाची चांगली जाड गादी, अण्णांनी मुद्दाम मल्लेश्वरमहून पिंजून भरून आणलेली. बेड आला, बायको आली, मुलगी झाली. गादी काही आली नाही. पुढच्या पोरांसाठी अक्कांनी स्वतःच्या खाटेवरची गादी बाहेर नेली आणि आपण सतरंजीवर झोपायला लागल्या.

एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो भेटला, तेव्हा मी तोंडावर विचारलं, "निलेश, गादी?"

"ती होय! ती आम्ही डोनेट केली!" आणि फोटोसुद्धा दाखवला. सिक्युरिटीवाल्या काकांना गादी देताना निलेश, शेजारी बायको, दोघं हसतायत. खाली लिहिलंय, 'देण्यातला आनंद'.

अक्का म्हणाल्या, "कुणाच्या तरी पाठीखाली आहे ना? सरी मग, झालं तर."

*

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली.

रेडिएशन सांगितलं, तेही सर्जापूर रोडकडच्या हॉस्पिटलात, कारण अण्णांच्या कारखान्याच्या विमा-कार्डावर तेच बसत होतं. रविवार सोडून रोज जायचं. शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी मेट्रो, मग बस, मग ऑटो. मशीनखाली काही मिनिटं झोपायचं आणि तसंच उलटं परत यायचं. घसा आतून भाजलेला, अन्न गिळवेना, धक्का बसला की अण्णा डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, "जवळ कुणी नातेवाईक असतील तर थोडे दिवस तिकडेच राहा. एवढा प्रवास ह्यांना झेपणार नाही."

आता बाहेरच्या खोलीत राहून गेलेल्या पोरांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, 'अक्काज गँग', त्यात मलाही घेतलंय. गणपतीला मोदकाचे फोटो, पाडव्याला शुभेच्छा. त्यातली निम्मी गँग सर्जापूर रोडलाच राहते, प्रत्येकाकडे जास्तीची एक बेडरूम! मी अक्कांना न विचारता मेसेज टाकला. अण्णांना एक खोली हवी आहे, ट्रीटमेंट संपेपर्यंत.

आधी जोडलेले हात आले. ओळीने जोडलेले हात! मग एकेक उत्तर. आमच्या सोसायटीत गेस्टसाठी ॲपवर अप्रूव्हल लागतं. गेस्ट रूममध्ये माझं ऑफिस आहे. सासूबाई येणार आहेत, डेट नक्की नाही. ऋतुजाने रडका चेहरा टाकला. निलेशने लिहिलं, 'काहीही लागलं तर हक्काने सांगा.' अरे बाबा, तेच तर सांगतेय! सौरभने एका लॉजची लिंक पाठवली, पुढे लिहिलं, 'रिव्ह्यूज चांगले आहेत.'

गरज सरो, वैद्य मरो, हे शाळेत पाठ केलं होतं. उदाहरणं इथे मिळाली.

आमच्याकडे वरचे दोनच खण आणि जिना उभा, नाहीतरी इथूनही हॉस्पिटल तेवढंच लांब. मी काय करणार होते? मेसेजखाली 'धन्यवाद' लिहिलं आणि रडले.

*

अक्कांना मी त्याआधी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. तो मेसेज त्यांच्या कानावर गेला तेव्हा जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या वर येत नाहीत.

"कुणी सांगितलं होतं गं तुला?"

"अक्का, ह्या पोरांनी वर्षानुवर्षं तुमच्या घरचं खाल्लंय!"

"खाल्लं, झालं. ताट घासून पालथं घातलं मी. तू ते परत खरकटं केलंस!"

त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. सौरभशी बोलल्या, ऋतुजाशी बोलल्या, निलेशच्या मुलीच्या वाढदिवसाला फोन केला. अबोला फक्त माझ्याशी! आणि रोज सकाळी अण्णांचा दंड धरून मेट्रोकडे जाताना दिसायच्या. अण्णा मध्येच थांबायचे, कुणाच्या तरी कट्ट्यावर बसायचे, पुन्हा उठायचे. मला त्या सगळ्या गँगचा राग येतो, आणि खरं सांगू, अक्कांचाही येतो. मेसेज टाकला ते मी बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं.

*

ट्रीटमेंट संपली तेव्हा अण्णांच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. नाकात नळी, तिच्यातून गंजीचं पाणी. आवाज जवळजवळ गेलेला. त्यांची खाट आम्ही बाहेरच्या खोलीत हलवली, कारण त्या खोलीला लागूनच बाथरूम आहे. आतल्या बाथरूमला पायऱ्या आहेत. एव्हाना अक्का माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या होत्या, म्हणजे "स्वल्प हे धर" इतपत.

एक दिवस मी खाली गंजी गाळत होते, आणि निलेशचा फोन आला. अक्कांनी स्पीकरवर टाकला.

"अक्का, अण्णा कसे आहेत? बरे ना? गुड, गुड. अक्का, माझ्या धाकट्या भावाला इथे जॉब लागलाय. उद्या यशवंतपूरलाच उतरतोय. आमच्याकडे रंगकाम चालू आहे हो, नाहीतर... दोनच दिवस!"

अक्का बाहेरच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही रे बाळा. ह्या वेळेला नाही जमायचं."

मला वाटलं, पेढे वाटावेत! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! निलेश "ओके ओके, नो इश्यू" म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात बाहेरून टकटक ऐकू आली. चष्म्याच्या डबीने खाटेच्या कडेवर वाजवायचं, ही अण्णांची हाक. आम्ही दोघी धावलो.

"कोण येतंय?" अण्णांनी विचारलं. शब्द ओठांवरून ओळखावे लागत होते.

"कुणी नाही. निलेशचा भाऊ. नको म्हणून सांगितलं मी."

"माझी खाट आत घ्या."

"अय्यो, आत पायऱ्या आहेत! तुम्हाला दोन पावलं टाकवत नाहीत!" अक्कांचा आवाज फाटला. "मी केलं तेवढं पुरे झालं हो आता!"

मीही तोंड उघडलं. "अण्णा, तुमच्या आजारपणात हा निलेश एकदा तरी फिरकला का इकडे?"

अण्णांनी हात वर करून मला थांबवलं आणि अक्कांना जवळ वाकायला लावलं. बोलायला त्यांना त्रास होत होता, पण एकेक शब्द पुरा केला.

"फोन लाव. विचार त्याला, पोरगा जेवून येणार की येऊन जेवणार?"