चेटची निर्मळ टेप

अमेरिकेतल्या शेबॉयगन गावात अर्लीन वोयचिक शाळेची बस चालवायची. मागे चाळीस पोरं धिंगाणा घालत असली तरी वरच्या आरशात तिची एक भुवई चढली की बसमध्ये सामसूम व्हायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत हीच भुवई मोठ्या माणसांवर चालायची. खांद्याला कॅसेट रेकॉर्डर अडकवून बाई जिथे बँड असेल तिथे हजर. बँडवाल्यांचीही ना नसे. बँडचा आवाज जुळवणाऱ्याच्या टेबलामागे ते जलसा टेप करणाऱ्या अशा टेपवाल्यांसाठी जागा राखून ठेवत. टेप विकायची नाही, मागेल त्याला करून द्यायची, हा सगळ्या टेपवाल्यांचा धर्म. अर्लीनचा त्याहून कडक होता. तिच्या माइकखाली बोलणं नाही, शिट्टी नाही आणि टाळी तर नाहीच नाही.

"टाळ्यांना पाच हजार माणसं आहेत की मैदानात," ती सुनावायची. "तुम्ही ऐका."

आणि बाई बोले तैसी चालेही. बारा वर्षांत तिने स्वतः एकदाही टाळी वाजवली नव्हती.

पण दिव्याखाली अंधार असतोच. तीनशेच्या वर जलसे कपाटात लावलेले, आणि नवऱ्याची एक धड टेप नाही! चेट दिवसा सॉसेजच्या कारखान्यात कामाला आणि शनिवारी लग्नांत अकॉर्डियनवर पोल्का, म्हणजे नाचाच्या धुना, वाजवायला. लग्नातल्या टेपेत चेट कमी आणि काटेचमचे जास्त. घरी वाजवायला बसला की अर्लीन लगेच रेकॉर्डर लावी, तर कुत्रं भुंके, नाहीतर नेमका बहिणीचा फोन येई. एकदा तरी नवऱ्याची निर्मळ टेप हाती लागावी, एवढीच तिची इच्छा होती. देवाकडे ती याहून मोठं काही मागत नसे.

शहाऐंशीच्या जुलैत ती वेळ आली. तळ्याकाठच्या मैदानात मोठा बँड यायचा होता. त्याचा म्होरक्या मूळचा याच गावचा. त्याच्या बहिणीच्या लग्नात चेटने वाजवलं होतं. त्याचा फोन आला, "चेट, एक पोल्का आमच्याबरोबर. फक्त एक." चेट हो म्हणाला आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली.

त्या दिवशी अर्लीन दुपारी दोनलाच मैदानात पोचली. दहा फुटी दांडी उभी केली, दांडीच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकल्या. वर आडव्या पट्टीवर दोन माइक, एक डावीकडे तोंड केलेला, एक उजवीकडे. तळ्यावरचा वारा लागू नये म्हणून दोघांना चेटच्या जुन्या लोकरी टोपीची शिवलेली टोपडी. बॅटऱ्या नव्या, तरी तीनदा काढून तपासल्या. कॅसेट आधी पेन्सिलीने फिरवून घट्ट केली. तिच्या रेकॉर्डरमधून टेपवाल्या वेंडेलने तार घेतली, वेंडेलकडून पुढच्याने, अशी आठ यंत्रांची माळ लागली. म्हणजे अर्लीनच्या माइकने जे ऐकलं ते आठही जणांच्या टेपेत.

"आज शिंक आली तर काय करायचं?" वेंडेलने विचारलं. हा टपाल कार्यालयातला, तिचा टेपांमधला जुना साथीदार.

"गिळायची."

तेवढ्यात हिरवं जाकीट घातलेला चेट घामाघूम होऊन आला. "अर्लीन, दुसऱ्या भागात बोटं अडखळतात गं."

"हळू बोल. आवाजाचा काटा बघतेय मी."

चेट बिचारा हळू आवाजात घाबरत निघून गेला.

चौथ्या गाण्यानंतर चेट मंचावर येताच अर्लीनने कोरी कॅसेट घातली, म्हणजे मध्येच उलटवायला नको. हेडफोन कानांवर, डोळे काट्यावर. पोल्का सुरू झाला. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात चेटची बोटं अडखळली नाहीत. उलट तो असा काही सुटला की बँडचा म्होरक्या गिटार थांबवून त्याच्याकडेच बघत राहिला. ढोलवाला हसायला लागला. चेटने डोळे मिटले आणि एक अशी फिरकी घेतली, जी त्याने स्वयंपाकघरातसुद्धा कधी घेतली नव्हती. पाच हजार माणसं उभी राहिली.

आणि माइकच्या बरोबर खाली, चाळीस पोरांना नुसत्या भुवईने गप्प करणाऱ्या बाईच्या गळ्यातून किंकाळी निघाली, "तो माझा नवरा आहे! अहो, माझा नवरा आहे तो!" वर दणादण टाळ्या.

आठही यंत्रांचे काटे एकदम उजव्या टोकाला जाऊन आपटले.

वेंडेलने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्याला शिंक आलेली नव्हती.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! दोन दिवस अर्लीनने ती कॅसेट लावलीसुद्धा नाही. वेंडेललाच दया आली. त्याने आवाजाच्या टेबलावरच्या माणसाला गाठलं. रंगमंचावरचा आवाज तिथे थेट तारेने येई, त्यामुळे त्याच्या टेपेत मैदानातलं काही शिरलेलं नव्हतं. बुधवारी वेंडेलने तिची नक्कल अर्लीनच्या हातात ठेवली. निर्मळ. काचेसारखी.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात चेटला बसवून ती लावली. चेटने शेवटपर्यंत ऐकली. "बरं वाजवलंय," तो म्हणाला. "आता तुझी लाव."

"ती नासली रे."

"लाव तर."

तिने मान खाली घालून लावली. किंकाळी आली. चेटने हात पुढे करून टेप मागे नेली, पुन्हा लावली. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

"हीच ठेव," तो म्हणाला. "लग्नाला एकवीस वर्षं झाली, अर्लीन. मला वाटायचं, माझं वाजवणं तुला बेताचंच आवडतं."

"वेडा आहेस का? तुझ्याइतकं कुणाचंच आवडत नाही मला!"

"मग एकदा तरी सांगायचंस."

"कधी सांगणार?" अर्लीन उसळून म्हणाली. "तू वाजवायला लागलास की टेप चालू असायची ना!"