कवळ तोडायचा उतार

संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर सासूबाई आम्हाला पोचवायला आल्या त्या कमरेला कोयता लावूनच. गाडी सुटली की त्यांना तसंच पलीकडच्या गावच्या डोंगरात जायचं होतं. रडायला सवड त्यांनाही नव्हती, मलाही नव्हती. मांडीवर मुलगी, पायाशी गाठोडं. "पोरीला जप," एवढंच म्हणाल्या.

गावी राहिलात त्यांना कवळ म्हणजे काय ते सांगायला नको. मुंबईत वाढलेल्या पोरांसाठी सांगते. ऐन-किंजळाच्या झाडांच्या पाल्यासकट फांद्या हिवाळ्यात तोडायच्या, सुकवायच्या आणि भाताचं रोप करायच्या जागेवर पसरून जाळायच्या. ही भाजावळ. ती नीट झाली नाही तर रोपापेक्षा गवतच माजतं. तोडणं, वाहणं, पसरणं सगळं बायकांकडे.

एका शिमग्याला, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असताना, देवळात सभा झाली. सरकारी साहेब म्हणाले, डोंगर उघडा पडतोय, झाडं लावू. ते खोटं नव्हतं. आमच्या ह्यांच्यासकट सगळ्या पुरुषांनी हात वर केले. आम्ही बायका मागे, चहाच्या गडबडीत. सासूबाईंनी तिथूनच विचारलं, "मंग कवळ काय मुंबईवरनं धाडणार काय रं?" सगळे हसले. साहेबही हसले.

खड्डे खणायला रोजावर आम्हीच गेलो. घरात रोख पैसा दुसरा नव्हता. ऑस्ट्रेलियन बाभूळ जोमानं वाढली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि आमच्या कवळीच्या डोंगराला कुंपण पडलं, आत आम्हाला बंदी. लांबून डोक्यावर आणलेली कवळ पुरेना. रोप विरळ आलं, भात शिमग्यापर्यंतही टिकलं नाही. ह्यांनी मुंबईहून कळवलं, सगळ्या इकडेच या. सासूबाई म्हणाल्या, "तू जा. शेत ओसाड टाकून मी नाय यायची."

इथे मी डबे करते. स्टोव्हला पंप मारला की जेवण होतं. डोक्यावरचा भारा सुटला याचं मला दुःख नाही, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी गावच्या मुंबई मंडळाची बैठक होती. पाणवठ्याकडचा उरलेला उतारही झाडांना द्यायचा, इथल्यांनी पाठिंबा द्यावा, असं निघालं. हात वर जाऊ लागले. ह्यांचाही. मी उठून म्हटलं, "तिथे कवळ तोडतात त्यांना आधी विचारा."

"वहिनी, तुम्ही आता मुंबईकर. तुम्हाला कशाला हवी कवळ?" मंडळातले एकजण म्हणाले.

"नकोच. म्हणून तर मी हात वर करत नाही. तुम्ही कधी तोडलीत, भावजी?"

ह्यांनी हात खाली घेतला. मग बाकीच्यांनीही.

गावातल्या बायकांना विचारलं गेलं. सासूबाईंचा निरोप आला, उतार मिळायचा नाही; झाडं लावायचीच तर ऐन लावा, जपू आम्ही. तेवढा उतार राहिला.

गाव माझंच आहे, पण कवळ तोडणं आता माझ्याकडे नाही. म्हणून शिमग्याला गेले की मी भाजावळीला हात लावते आणि सभेत सासूबाईंना पुढे बसवते. चहा हे करतात.