दोन बांबू, एक धोतर

"एक ओळ आहे, मधुमतीबाई. सही करा आणि सुटा."

"ओळ एकच आहे, डॉक्टर. पण तिच्यात तुम्ही अख्खा माणूस पुरलाय."

"नाटकं नकोत. मोठ्याने वाचा पुन्हा. ह्यात खोटं काही नाही, तुमच्याच लक्षात येईल."

मधुमतीने कागद उचलला. "'प्रशिक्षणार्थी कजोड मीणा याने अंधश्रद्धेपोटी जखमीस शिकवलेल्या पद्धतीने हलवले नाही. सबब त्याचे नाव यादीतून कमी करावे.' अंधश्रद्धेपोटी! हा शब्द कुणाचा?"

"माझा. आवडला नाही?"

"कजोडने बांबूचं स्ट्रेचर बांधलं होतं. मी शिकवलं तसंच, गाठीसकट."

"बांधलं. त्यावर माणूस ठेवला?"

"ठेवू दिला नाही."

"कुणी?"

"जखमीच्या आईने. घासीच्या."

"का? बोला ना, का? तिला ती तिरडी वाटली म्हणून. ह्याला तुमच्या वाईला काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्या सोलापुरात अंधश्रद्धाच म्हणतात."

डॉक्टर वसंतराव बेहेरे खुर्चीत मागे रेलले. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. आवाज अजून मैदानावरचाच. दाराला वाळ्याचा पडदा लावलेला, त्यावर तासाभरापूर्वी मारलेलं पाणी कधीच सुकून गेलं होतं. मे महिना, साल चौसष्ट. अकरा वाजता कजोडला इथेच, ह्याच खोलीत बोलावलं होतं, त्याची पट्ट्यांची पिशवी आणि शिट्टी परत घ्यायला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते, आणि तेवढ्या अर्ध्या तासात मधुमतीला ठरवायचं होतं की घासीचे पाय गेले ते कुणाच्या नावावर मांडायचे.

मधुमती पाटणकर मूळची वाईची. पुण्यात नर्सिंग शिकली, शिकता शिकता तिचं श्रीपादशी लग्न ठरलं, आणि विमा कंपनीत अधिकारी असलेल्या ह्या नवऱ्याची बदली सत्तावन्न साली जयपूरला झाली तेव्हा ती ट्रंका, पाटा-वरवंटा आणि तीन वर्षांची विभा घेऊन टिळकनगरच्या दोन खोल्यांत येऊन पडली. पहिली दोन वर्षं ती शेजारणींना मोदक आणि शेजारणी तिला बाट्या शिकवत होत्या. तिला त्याचा कंटाळा आला. चीनशी लढाई झाली, जिकडेतिकडे स्वयंसेवकांचे वर्ग निघाले, आणि शहराबाहेरच्या एका ग्रामरक्षण प्रशिक्षण केंद्रात बाई शिक्षिका हवी म्हणून कुणीतरी तिचं नाव सुचवलं.

श्रीपाद म्हणाला, "त्या धुळीत जाऊन कुणाला पट्ट्या बांधणार आहेस?"

"ज्यांच्या गावाला दवाखाना नाही त्यांना."

"आणि घरी?"

"घरी तुम्हाला काय झालंय?"

विषय तिथेच मिटला. मधुमती एकदा हो म्हणाली की मागे फिरत नसे, हे श्रीपादला लग्नाआधीपासून माहीत होतं.

वर्ग मात्र तिने जीव ओतून चालवला. जमवा रामगढच्या डोंगरापलीकडून मीणा जमातीची बावीस-चोवीस माणसं यायची, एका खेपेला दहा दिवस मुक्कामाला. लिहिता येणारा एखादाच. म्हणून मधुमतीने पुस्तिका बाजूला ठेवली आणि सगळं अंगावर आणलं. साप चावला तर काय करायचं नाही, जळालेल्याला घोंगडीत कसं गुंडाळायचं, बुडालेल्याला पालथं घालून पाठीवर दाब कसा द्यायचा. एकजण निजायचा, बाकीचे त्याच्यावर तुटून पडायचे. "अरे, हळू! मेला नाहीये अजून तो!" ती ओरडायची आणि अख्खा वर्ग हसायचा.

कजोड हसायचा नाही. पस्तिशीचा, उंच, गालावर देवीचे व्रण. सगळ्यांचं करून झालं की तो एक प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न नेहमी अडचणीचा असायचा.

स्ट्रेचरच्या दिवशीही त्याने विचारलं. दोन बांबू, मध्ये धोतर किंवा दोन सदरे, बाह्या आत ओढून घ्यायच्या, झालं स्ट्रेचर. पुस्तिकेत चित्र होतं तसं. दोघादोघांनी मिळून बांधली. ती ओळीने अंगणात मांडली तेव्हा बारा पांढरी स्ट्रेचरं उन्हात अशी दिसली की डॉक्टर बेहेरे स्वतः बाहेर येऊन "वा!" म्हणाले.

"बहनजी," कजोड म्हणाला, "खाट नाही चालणार का?"

"कसली खाट?"

"घरातली. आम्ही आजारी माणसाला खाट उलटी करून नेतो. चार पाय वर. माणूस पडत नाही, वरून चादर टाकली की ऊन लागत नाही. चौघे उचलतात."

"खाटेला झोळ पडतो, कजोडजी. पाठीचं हाड मोडलं असेल तर झोळात ते आणखी वाकेल."

"पायथ्याची दोरी ताणली की झोळ जातो. वर दाराची फळी टाकायची. मी करून दाखवतो, खाट इथेच आहे चौकीदाराची."

मधुमतीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे.

"पुस्तिकेत खाट नाही," डॉक्टर म्हणाले.

"परीक्षेत बांबूच येणार," मधुमती म्हणाली. आणि मग, वर्गाच्या मनात गोंधळ राहू नये म्हणून, खास शिक्षिकेच्या आवाजात तिने पक्कं करून टाकलं: "पाठीला मार असेल तर खाट नाही. कधीच नाही. म्हणा सगळे."

"कधीच नाही," सगळे म्हणाले. कजोडही म्हणाला. परीक्षेत त्याने बांबू बांधला, पहिला आला, त्याला शिट्टी आणि लाल फुलीची पिशवी मिळाली. "कापड नाही, गाठ पाहा," ती इतरांना त्याचं स्ट्रेचर दाखवत म्हणाली होती. सपाट गाठ, उजवी डावीवर, डावी उजवीवर. ओढाल तितकी घट्ट, आणि सोडायची म्हटली की एका झटक्यात सुटणारी.

वाईच्या घाटावर तिने लहानपणी काय कमी तिरड्या पाहिल्या होत्या? दोन बांबू, आडव्या कामट्या, पांढरं कापड. पण अंगणात त्या बारा पांढऱ्या वस्तू ओळीने मांडलेल्या असताना तिला त्यातली एकही आठवली नाही. ती त्यांना स्ट्रेचर म्हणत होती. शब्द इंग्रजी झाला की माणसाला समोरचं दिसेनासं होतं की काय कोण जाणे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कजोडच्या गावात विहिरीतला गाळ काढत होते. काठाची दगडी दरड ढासळली आणि घासी, कजोडचा चुलतभाऊ, पंधरा हात खाली गेला. बातमी केंद्रावर पोचली ती चौथ्या दिवशी. मधुमती पाचव्या दिवशी मोटारीने आणि मग दोन कोस पायी त्या गावात गेली. कजोड तिला विहिरीपाशीच भेटला. त्याने सांगितलं ते असं, एका दमात, हिशेब दिल्यासारखं.

"वर काढला तेव्हा शुद्धीत होता. बसवू दिला नाही मी त्याला. पाणी दिलं नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना साफ्यात वाळू बांधून ठेवली. विचारलं, पाय हलव. हलवला, बहनजी. अंगठा हलवला. मी पाहिला."

"मग?"

"मग बांबू आणले. माझंच धोतर सोडलं, बांधलं. उचलून ठेवणार तेवढ्यात त्याची आई आली. तिचा नवरा दिवाळीनंतर गेला, असाच, दोन बांबूंवर, ह्याच वाटेने. ती घासीच्या अंगावर पडली. म्हणाली, माझ्या जिवंत पोराला अर्थीवर घालतोस? बाया रडायला लागल्या. मग तर पुरुषही हटले."

"तुम्ही समजावलं नाही?"

"समजावलं. म्हणालो, हे स्ट्रेचर आहे. त्या म्हणाल्या, आम्हाला दिसत नाही का काय आहे ते."

मग मधुमतीने तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. "आणि खाट?"

कजोडने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"खाट होती. भिंतीला उभी होती, माझ्यापासून चार पावलांवर. मी तिच्याकडेच पाहत होतो, बहनजी. हात उचलत नव्हता. कधीच नाही, असं म्हटलं होतं आपण. मला वाटलं, माझ्या हाताने भाऊ मरेल."

तो खाटेकडे पाहत उभा राहिला तेवढ्या वेळात दोन काकांनी घासीला उचललं, एकाने काखेतून, एकाने गुडघ्यांतून, मधून मोडलेल्या माणसाला मधूनच वाकवत, आणि उंटगाडीत टाकलं. जयपूरच्या इस्पितळात पोचेपर्यंत अंगठा हलायचा थांबला होता. घासी जगला. तेवीस वर्षांचा. कमरेखाली काही नाही.

परतताना मोटारीत मधुमतीने स्वतःशी सगळी उत्तरं तयार केली. खाटेचा झोळ ही खरीच गोष्ट होती. दोरी ताणलेली असेलच असं नाही. कदाचित मार आधीच लागून गेला असेल. सगळी उत्तरं बरोबर होती. घरी आल्यावर विभाने विचारलं, "आई, मतलब, ते भैया आता कभी नाही चालणार?"

"नाही."

"मग तू त्यांना गलत शिकवलं होतंस?"

श्रीपाद पेपरामागून म्हणाला, "विभा, अभ्यास कर." दहा वर्षांच्या पोरीला मराठी धड येत नव्हतं, पण एवढं नेमकं विचारता येत होतं.

"मी दुसरी ओळ लिहिते," मधुमती आता डॉक्टरांना म्हणाली. "'प्रशिक्षणार्थीने खाटेबद्दल वर्गात विचारले होते. शिक्षिकेने मनाई केली.' त्याखाली सही करते."

"आणि डॉक्टर बेहेरे शेजारी उभे होते, हे नाही लिहिणार?"

"तुम्ही म्हणाल तर लिहिते."

डॉक्टर हसले. मग हसणं आवरून, अगदी घरातल्या वडीलधाऱ्याच्या सुरात बोलू लागले. "हे पाहा. बगरूच्या कापड छापणाऱ्या छिपा बायकांचा वर्ग वर्षभर तुम्ही मागताय. उकळत्या रंगाच्या कढया, भाजलेले हात, सगळं पाठ झालंय मला तुमच्या तोंडून. मंजुरी ह्या आठवड्यात येतेय. शिक्षिकाच चुकली असा कागद वर गेला तर वर्ग कुणाला देतील? देतील तरी का? एका माणसाची शिट्टी जाईल, त्यापायी पन्नास बायकांचं नुकसान करणार तुम्ही?"

"शिट्टी नाही जात नुसती. गावात त्याची पत जाते. भावाला ह्यानेच पांगळं केलं, हे सरकारी शाईत लिहून होतं."

"गाव आधीच म्हणत असेल."

"गाव म्हणतं अर्थी आणली म्हणून. तुम्ही म्हणता अर्थीवर घातला नाही म्हणून. त्याने जायचं कुठे?"

दारात सावली पडली. कजोड आला होता, वेळेच्या आधी. साफा स्वच्छ, पायांवर वाटेची धूळ. लाल फुलीची पिशवी छातीशी धरलेली.

"ये," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "तुला बहनजींनी बांबूच शिकवला होता ना?"

"हो, साहेब."

"मग वापरला का नाहीस?"

कजोडला एवढंच म्हणायचं होतं की मी विचारलं होतं. एक वाक्य. मधुमती त्या वाक्याची वाट पाहत राहिली; ते त्याच्या तोंडून आलं असतं तर तिचं काम सोपं झालं असतं. कजोडने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घासीच्या आईने हात धरला, साहेब," तो म्हणाला.

"पाहा," डॉक्टर मराठीत मधुमतीला म्हणाले. "त्याची तक्रार नाही. तुमचीच का?"

मधुमतीने टाक उचलला. तिने आपली ओळ लिहिली, सावकाश, काना-मात्रा नीट देत, आणि खाली पूर्ण नाव घातलं. कागद डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टरांनी वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. खण बंद होताना बारीकसा आवाज झाला.

"ठीक आहे. वर काय पाठवायचं ते मी पाहतो," ते म्हणाले. "यादीतून नाव मात्र आजच जाईल."

म्हणजे कागद खणातच राहणार. मधुमतीला कळलं. लिहून फक्त तिचंच मन हलकं झालं होतं, तेही पुरतं नाही.

ती कजोडकडे वळली. वर्गात विद्यार्थ्यांशी ज्या आवाजात बोलायची तो तिला सापडेना. "कजोडजी, मी खरं ते लिहून दिलंय. मी नाही म्हटलं होतं, ते." तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. "पुढच्या महिन्यात नवी माणसं येतील. त्यांना खाट कशी ताणायची ते तुम्ही येऊन दाखवाल का? यादीत नाव असो नसो. मीही शिकेन. याल?"

कजोडने पिशवी टेबलावर ठेवली. आतल्या पट्ट्या मोजल्यासारख्या चाचपल्या, त्यांच्यावर शिट्टी ठेवली, आणि पिशवीच्या तोंडाची नाडी बांधली: उजवी डावीवर, डावी उजवीवर. गाठ सपाट बसली की नाही ते अंगठ्याने दाबून पाहिलं. मग तो वळला, वाळ्याचा पडदा बाजूला सारून उन्हात उतरला, आणि अंगण ओलांडून, चौकीदाराच्या खाटेजवळून, रस्त्याला लागला.