टेकडीचा दगड टेकडीले

रोहण्याजवळ माझ्या मामांचं वावर होतं आणि वावराला लागून एक बिननावाची टेकडी. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याला कापडाच्या दुकानात बसायचो. दुकान बंद असलं की त्या दिवशी एसटीनं मामांकडे जायचो आणि आम्ही दोघं टेकडी चढायचो. वर ना देऊळ, ना दर्गा. त्यामुळे आमच्याशिवाय तिकडे कोणी फिरकायचं नाही, आणि मला तेच आवडायचं.

निघताना मामा वावरातला चांगला पाच किलोचा एक दगड उचलून खांद्यावर घ्यायचे. पहिल्यांदा मी वैतागलोच. अख्खी टेकडी दगडांची, आणि हे आणखी एक दगड वर नेताहेत!

"तिचाच हाय," मामा म्हणाले. "पावसाच्या पाण्यानं माह्या वावरात वाहत आला. तिचा तिले वापस करून राह्यलो."

माथ्यावर पोचलो की ते दगड नीट टेकवून ठेवायचे, दुपट्ट्यानं घाम पुसायचे, आणि मग आम्ही तासभर तिथंच बसायचो. खाली कपाशी, तूर, लांब रस्त्यावर एसटीची धूळ. वारा असा सुटायचा की उठावंसंच वाटत नसे.

एकदा उतरताना मी विचारलंच, "मामा, पावसाळ्यात तो पुन्हा खालीच येईन ना? मग काऊन नेता?"

मामा हसले. "येऊ दे. वर बसाले मलेबी आवडते. पण बिनाकामाचा टेकडीवर गेलो तं लोकं येडा म्हणतीन ना मले!"