क्यू म्हणजे रांग

"क्यू म्हणजे काय? तू सांग. हो, तूच, मागची."

गंगापूर रोडवरचा कॉम्प्युटर क्लास. दोन हजार सालानंतरचे दिवस. सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढलेले. एक हेड ऑफिसचा प्रोग्राम, एक गोदामाचा. मधे मिडलवेअर. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोघांना बोलतं करणारं सॉफ्टवेअर.

मी उठले. कळवणच्या पुढच्या आदिवासी पाड्यावरची मी. सरकारी योजनेतून आलेली वर्गात एकटीच.

"सर, क्यू म्हणजे रांग. एकानं धाडलेला निरोप रांगेत थांबतो. घेणारा बंद असला तरी हरवत नाय. चालू झाला की त्याला मिळतो."

उत्तर बरोबर होतं. सर हसले.

"रांगेचं तुला बरं ठाऊक! सवलतीच्या रांगेतूनच तर आलीस इथवर."

वर्गात हशा पिकला. शेजारची मुलगीसुद्धा हसली. मग माझा हात दाबून म्हणाली, "मनावर घेऊ नको गं. सर गंमत करतात."

मी बसले. कान तापलेले. पुढचं काही ऐकूच आलं नाही. हॉस्टेलवर घास तोंडात घेतला, ते हसू. नळ सोडला, त्या आवाजातही तेच.

दुसऱ्या दिवशी धडा ट्रान्झॅक्शनचा. काम झालं तर पुरतं, नाहीतर मुळीच नाही. मधेच बिघडलं तर झालेलं सगळं पुसून पहिल्यासारखं करायचं. त्याला रोलबॅक म्हणतात.

मी न विचारता उभी राहिले.

"सर, काल तुम्ही माझी जात काढली. सगळ्यांसमोर."

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग हातातला खडू उडवत म्हणाले, "बरं बाई, शब्द मागे. रोलबॅक!"

पुन्हा हसू. कालच्यापेक्षा मोठं.

तेव्हा लख्ख कळलं. मशीनमधलं पुसता येतं, माणसाला बोललेलं राहतं. आणि ह्यांना तर पुसायचंही नव्हतं.

"हे रोलबॅक नाय सर. माफी मागा. नीट."

"बस खाली."

नाही बसले. तास संपेपर्यंत उभी. दुसऱ्या दिवशीही. कोर्स संपेस्तोवर त्यांच्या प्रत्येक तासाला मी उभ्यानंच लिहून घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. माफी मागितली नाही.

आज मी तेच, मिडलवेअरचं काम करते. मीटिंगमधे कुणी सहज 'क्यू' म्हटलं की अंगावर काटा येतो. वर्गाचं ते हसू अजून कानात येतं. जायचं नाही ते, मला माहीत हाय.

पण माझ्यापुढं आता कुणी कुणाची जात काढली, तर मी माफीची वाट बघत उभी राहणार नाही. त्याचं बोलणं तिथंच बंद पाडीन.