ग्लेनिसने केलेला वकील

ग्लेनिस ऑर्मरॉडचा राग लोणच्यासारखा. बरणीत घातला की वर्षानुवर्षं मुरत राहायचा, नासायचा मात्र नाही. आमच्या थॉर्नक्लफमधल्या शाळेत तिने जन्मभर मुलांना जेवण वाढलं. त्या शाळेतली, आता टकलं पडलेली पोरंसुद्धा ती समोरून आली की ताटातले वाटाणे टाकल्यासारखी ओशाळतात. माझं लोकरीचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोल्यांत ती भाड्याने राहते. मला नेल म्हणते. नलिनी हे नाव तिने पहिल्याच दिवशी नापास केलं.

तिचा सगळ्यात जुना राग बर्नार्ड थ्वेटवर. गावात घर घ्यायचं असो की विकायचं, लोक डोळे मिटून थ्वेट वकिलाकडे जातात. पण ग्लेनिसच्या घटस्फोटात तो तिच्या नवऱ्याच्या बाजूने होता, आणि तिच्या आईने तिच्या नावावर ठेवलेल्या घराचा अर्धा वाटा त्याने त्या उडाणटप्पूला मिळवून दिला. घर विकावं लागलं; तिच्या वाट्याचे पैसे तेवढे बँकेत पडून होते. तेव्हापासून थ्वेट दिसला की ती रस्ता ओलांडायची, मग समोरून बस येत असली तरी.

मध्यंतरी तिच्या धाकट्या बहिणीला, एनिडला, पक्षाघात झाला. हॉस्पिटलातून तिला वृद्धाश्रमात टाकली, कारण आमचा जिना म्हणजे शिडीच. एनिडला तिथलं काही पसंत नव्हतं. चहा पांचट, टीव्ही मोठ्याने, आणि शेजारची बाई सारखी रडते. दर रविवारी ती एकच विचारायची, "मला घरी कधी नेतेस?"

म्हणून चॅपल लेनमधला म्हाताऱ्या क्लेगचा बंगला विकायला निघाला तेव्हा ग्लेनिस हातातली खिम्याची पेस्ट्री अर्धवट टाकून धावली. एकही पायरी नाही, बाथरूमचं दार रुंद. क्लेग मुलाकडे राहायला चालला होता. त्याने तिची किंमत मान्य केली, हात मिळवला. पण आमच्या इंग्लंडात हात मिळवण्याला काडीची किंमत नाही. दोन्ही वकिलांनी करारांची अदलाबदल केली की मगच घर पक्कं. तोवर कुणीही कुणालाही टांग मारावी आणि वर हवापाण्याच्या गप्पा माराव्यात.

"थ्वेटकडे जा," मी म्हटलं.

"त्या थेरड्याकडे? नेल, माझी शवपेटीसुद्धा त्याच्या दारावरून न्यायची नाही. लांबून न्या."

"अगं, शवपेटीचं नंतर बघू. आधी बंगल्याचं बघ."

घरांच्या दलालाच्या ऑफिसात टॅमसिन नावाची गोड मुलगी बसायची. इतकी गोड की माझ्या दाढा ठणकायच्या. "आमचे वकील आहेत ना," ती म्हणाली. "सगळं ऑनलाइन. व्यवहार फिसकटला तर फी नाही."

"त्यांना चॅपल लेन माहीत आहे का?" मी विचारलं.

"नकाशा असतो की."

"आणि गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल तुम्हाला काय मिळतं?"

तिचे कान लाल झाले. "थोडं मिळतं. ते आम्ही सांगतोच."

"मिळू दे पोरीला," ग्लेनिस म्हणाली. "थ्वेटच्या घशात जाण्यापेक्षा बरं." आणि तिथल्या तिथे सही ठोकली. वकील असा निवडला बाईने. भाजीवाल्याकडून टोमॅटो घेतानाही ती प्रत्येक टोमॅटो दाबून बघते.

पुढच्याच आठवड्यात कळलं, क्लेगचा वकील थ्वेट. कळायला काय हवं होतं? गावात दुसरा आहे कोण? ग्लेनिस मात्र तिच्याविरुद्ध कट झाल्यासारखी तणतणली.

मग सुरू झालं रडगाणं. तिच्या वकिलांना फोन लावला की आधी बासरी ऐकायची, मग दर वेळी नवीन माणूस. अडलं कुठे, तर चॅपल लेन हा रस्ता प्रार्थनामंदिराच्या मालकीचा. त्यावरून बंगल्यापर्यंत गाडी नेण्याचा हक्क आहे का, हे त्यांनी थ्वेटला विचारलं होतं. प्रश्न रास्तच होता. एनिडला गाडीतूनच न्यायची होती. पण महिना उलटला तरी प्रत्येक नवा माणूस तेच सांगे, "समोरच्या वकिलाकडून उत्तर यायचं आहे, मॅडम."

"बघ, मुद्दाम दाबून बसलाय," ग्लेनिस म्हणायची.

"तुझ्या लोकांना खडसावून विचार. आलेलं सगळं उघडलंय का म्हणावं."

"ते कशाला खोटं बोलतील? ते मला ओळखतसुद्धा नाहीत."

हेच तर दुखणं होतं! पण तिच्या हिशेबी जो तिला ओळखत नाही तो तिचं वाकडं करणार नाही.

एका शनिवारी बेकरीच्या रांगेत थ्वेट आमच्या पुढेच उभा होता. या वेळी ओलांडायला रस्ता नव्हता.

"का रे थ्वेट," ग्लेनिसने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "एक घर खाऊन पोट भरलं नाही वाटतं?"

बेकरीवालीचा चिमटा कस्टर्डच्या वडीवर थांबला. थ्वेटने टोपी काढली. "मिसेस ऑर्मरॉड, तुम्ही वकील केलेला आहे. त्यांना डावलून मी तुमच्याशी या व्यवहाराबद्दल एक शब्द बोलू शकत नाही. आमचा नियम आहे. कृपा करून त्यांनाच विचारा."

"लाज वाटते म्हणून बोलत नाहीस!"

तो ब्रेड न घेताच निघून गेला. रांगेतल्या कुणीही मागे वळून पाहिलं नाही. आमच्याकडे भांडण बघायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं.

ग्लेनिसने डोक्यात राख घालून घेतली. माझं न ऐकता ती तशीच क्लेगच्या दारात गेली. मी दमत दमत मागून पोचले तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं.

"तुमचा वकील चोर आहे, आणि तुम्ही त्याच्या तालावर नाचताय," ती ओरडत होती.

क्लेगने दार अर्धं लोटून घेतलं. "बाई, बर्नार्ड आणि मी मिसरूड फुटायच्या आधीपासून एका बँडमध्ये वाजवतोय. माझ्या बायकोची शवपेटी त्याने खांद्यावर घेतली. जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक दारात असताना मी तुमच्यासाठी थांबलो, तुमच्या बहिणीसाठी. आता निघा."

दोन दिवसांनी टॅमसिनचा फोन आला. बंगला दुसऱ्याला दिला. ती तेवढ्याच गोड आवाजात म्हणाली, "पण फी नाही हं!"

त्याच संध्याकाळी थ्वेट माझ्या दुकानात आला. ग्लेनिस जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती.

"आता तुम्ही या व्यवहारात नाही, तुमचे वकीलही नाहीत, म्हणून बोलतो," तो म्हणाला. "रस्त्याचं उत्तर मी त्यांना लगेच दिलं होतं. गाडी नेण्याचा हक्क आहे. परत परत पाठवलं, फोन केले. त्यांनी बघितलंच नाही."

"आणि माझ्या आईचं घर?"

"ते माझं काम होतं. मी तेव्हा तुमच्या नवऱ्याचा वकील होतो."

"चालता हो."

"होतो," तो म्हणाला आणि दार हळू लावून गेला. मला दोघांचाही संताप आला होता. त्याच्या नियमाचा, तिच्या नाकाचा. माझ्या हातातल्या लोकरीचा पार गुंता झाला होता.

रविवारी मी गाडी काढली. एनिड कोट घालून चाकाच्या खुर्चीत बसली होती. ग्लेनिसने आधीच्या रविवारी तिला सांगितलं होतं, आता जवळपास झालंच समज.

"बंगला गेला," ग्लेनिस म्हणाली.

"कुणी घालवला?" पक्षाघातानंतर एनिडचे शब्द जड येत, पण हे स्वच्छ आले.

मला वाटलं, आता थ्वेटचं नाव येणार. पण ग्लेनिस म्हणाली, "रस्त्याचं उत्तर आलेलं होतं, एनिड. माझ्या वकिलांनी ते बघितलं नाही. आणि मी क्लेगच्या दारात जाऊन भांडले."

"तो वकील कुणी केला होता?"

"मी."

एनिडने चांगल्या हाताने कोटाचं वरचं बटण काढलं. पुढचं निघेना. ग्लेनिस मदतीला वाकली तेव्हा तिने तिचा हात झटकला आणि नर्सला हाक मारली.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," ती बहिणीला म्हणाली.